डावा आरसा

“ए बाबा, जिता हायस का?”

ट्रकचा ड्रायव्हर माझ्यावर वाकून ओरडत होता. मी रस्त्याच्या मधोमध बसलो होतो. पडलो कधी, उठून बसलो कधी, काहीच कळलं नव्हतं. माझी राजदूत मोटरसायकल बाजूला आडवी पडली होती आणि तिचं मागचं चाक अजून फिरत होतं. खडीनं भरलेला ट्रक रस्ता सोडून पलीकडच्या चरीत उतरला होता. त्याच्या टायरचे काळे पट्टे माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले होते.

“आहे,” मी म्हटलं.

“मग मागं बघायला काय झालं हुतं? चार डाव हॉर्न दिला. चार डाव! आन् तू आपला वळलास उजवीकडं, बापाचा रस्ता असल्यागत.”

मी त्या फिरणाऱ्या चाकाकडं बघितलं.

“आरसा बी न्हाई गाडीला. लहान पोरं हायत रं मला. तू मेला असतास तर मी आत गेलो असतो.”

कॅरिअरला बांधलेली पत्र्याची पेटी ट्रकच्या कडेनं उडवली होती. रस्ताभर हिरव्या, लाल, पिवळ्या काचा पसरल्या होत्या. त्यानं त्या बघितल्या आणि त्याचा आवाज जरा खाली आला.

“सगळ्या फुटल्या की.”

“वाढल्या,” मी म्हटलं.

आम्ही कासार. आमच्यात बांगडी फुटली असं कधी म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ते सवयीनं तोंडातून गेलं. त्याला वाटलं, डोक्याला मार लागलाय. त्यानं मला धरून बाभळीखाली बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं, आणि नाव काय, गाव कुठलं, आज वार कोणता, असं विचारत बसला. सगळी उत्तरं बरोबर दिली तेव्हा त्यानं मला सोडलं.

याला आता वीस वर्षं झाली. वडूजहून दहिवडीकडं जाताना उजव्या हाताला पिंपळसोंडचा फाटा लागतो, तिथली ही गोष्ट. त्या वेळी माझं वय पन्नास होतं, आणि माझी बायको शालन जाऊन चार महिने झाले होते. ती गेल्यावर फेरीला मी त्या दिवशी पहिल्यांदाच निघालो होतो.

बावीस वर्षं आम्ही दोघं त्याच गाडीवरून वाड्यावस्त्यांना बांगड्या भरत फिरलो. मी पुढं, ती मागं, तिच्या मागं पेटी. मार्गशीर्षात तिला ताप आला. साधा ताप म्हणून आठ दिवस घरात काढले आणि नवव्या दिवशी दवाखान्यात ती गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

गाडी वडूजला, आमच्या गावी, दस्तगीरच्या गॅरेजात लावली. दस्तगीर माझ्याबरोबर शाळेत होता. सातवीत दोघंही एकदमच नापास झालो. त्यानं गाडीला फेरी मारली, वाकलेलं हँडल बघितलं, मग मला बघितलं.

“मागं का बघितलं नाहीस?”

“राहिलं.”

“राहिलं? बावीस वर्षांत कधी राहिलं नाही ते?”

मी बाकड्यावर जाऊन बसलो. उत्तर मला ठाऊक होतं. रस्त्यावर बसलो होतो तेव्हाच कळलं होतं. पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

चार दिवसांत त्यानं हँडल सरळ केलं. मी गाडी घेऊन निघालो. पेठेतून नीट गेलो. पुलाच्या अलीकडं मागून कुणीतरी हॉर्न वाजवला आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी कडेला घेतली. हॉर्न वाजवणारा दूधवाला सायकलीसारखी हलकी गाडी घेऊन पुढं गेला, तरी मी ब्रेक दाबून तिथंच उभा होतो. मी खाली उतरलो आणि गाडी ढकलत परत आणली.

वाटेत तिघांनी विचारलं, “पेट्रोल संपलं काय, दिनकरशेठ?”

तिघांनाही “हो” म्हटलं.

मग एसटीनं जाऊन बघितलं. मोठ्या गावांचे बाजार एसटीनं होतात, पण माझं गिऱ्हाईक वस्त्यांवर. तिथं एसटी जात नाही. डोक्यावर पेटी घेऊन तीन मैल चालत गेलो, तर दोन वस्त्या होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. परत येताना कंडक्टर म्हणाला, “कासार, पेटीचं अर्धं तिकीट लागंल. आन् फुटलं-बिटलं तर आमच्याकडं भांडायचं न्हाई.” पुन्हा गेलो नाही.

पुण्याहून उज्ज्वलाचा, म्हणजे माझ्या मुलीचा, शेजारच्या दुकानात फोन यायचा. “बाबा, गाडी विका आणि इकडं या. काय राहिलंय तिथं?” मी म्हणायचो, बघतो. पुण्यात मी काय करणार होतो? नातवाला शाळेत सोडायचं आणि आणायचं. वाईट काम नाही ते. पण त्या दोन खेपांच्या मधल्या वेळेचं काय, ते मला सुचत नव्हतं.

रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन मी गॅरेजात जाऊन बसायला लागलो. घरात बसवत नव्हतं. चहा झाला की एक कप धुवायचा, एक ताट धुवायचं, मग पुढं काही नाही. दस्तगीर काम करायचा, मी बघायचो. तो कधी मला हुसकावत नव्हता. फक्त एखाद्या गिऱ्हाईकाला सांगायचा, “हे आमचे साहेब आहेत, देखरेखीला.”

एक दिवस तिथंच पिंपळसोंडचे बाजीराव फडतरे आले. हातात लग्नाच्या पत्रिका होत्या.

“तुमच्या घरी जाऊन आलो. कुलूप. म्हटलं, मिस्त्रीकडं असाल.” त्यांनी पत्रिका दिली. “सारिकाचं जमलं. सोमवारी हळद. त्याच दिवशी सकाळी चुडा भरायला या.”

सारिका त्यांची थोरली. तिच्या हातात पहिल्या बांगड्या शालननं भरल्या होत्या. पोर पाच वर्षांची होती, हात दाबला की रडायची. शालन तिला म्हणायची, “रडू नकोस गं, तुझा हिरवा चुडापण मीच भरणार आहे. तेव्हा रड पोटभर.”

बाजीरावांनाही तेच आठवलं असावं. ते म्हणाले, “मामींनी शब्द दिला होता पोरीला. आता त्या नाहीत. पण पोरगी म्हणते, दिनकरमामाच पाहिजेत. दुसरा कासार नको.”

“मी... गाडी चालवत नाही सध्या.”

“कळलं ते मला. जीप पाठवतो की.”

बरं वाटलं मला. हो म्हणणारच होतो. तेवढ्यात दस्तगीर इंजिनाखालून बाहेर आला.

“जीप नको, बाजीराव. येईल तो.”

“अरे पण—”

“सोमवारी तुम्ही जीप पाठवाल. मंगळवारी दुसऱ्या वस्तीवर जायला कोण पाठवणार? येईल तो त्याच्या गाडीवर. नाही आला तर मला सांगा, मी माझ्या खांद्यावर घेऊन येतो.”

बाजीराव हसले आणि गेले. मी दस्तगीरवर भडकलो.

“तुला कुणी बोलायला सांगितलं? माझी परिस्थिती तुला माहीत आहे.”

“नाही माहीत. तू सांगतोस कुठं?” त्यानं हात पुसले. “ऊठ. बस गाडीवर. मी मागं बसतो.”

“आत्ता?”

“नाही, पुढच्या ईदला. ऊठ म्हणतो ना.”

तो मागं बसला. मी गाडी सुरू केली. आणि नवल म्हणजे काही झालं नाही. पेठ गेली, पूल गेला. मागं वजन होतं, त्यामुळं गाडी रस्त्याला धरून चालली होती. पूर्वीसारखी. हॉर्न वाजले, ट्रक शेजारून गेले, माझे पाय जागेवर राहिले. दस्तगीर मागून ओरडला, “चाललास की रे! उगीच पंधरा दिवस माझा चहा पिलास.” मी हसलो. चार महिन्यांत पहिल्यांदा असेल.

पिंपळसोंडचा फाटा दिसायला लागला. मी वेग कमी केला. उजवा हात बाहेर काढला. रस्त्याच्या मध्यावर आलो. आणि तिथंच थांबलो. गाडी बंद पडली. मागून एक टेम्पो कर्कश ब्रेक मारत आमच्या डावीकडून गेला आणि त्यातल्या माणसानं आमच्या आयाबहिणींचा उद्धार केला.

दस्तगीर उडी मारून उतरला. आम्ही दोघांनी गाडी ढकलत त्या बाभळीखाली नेली. रस्त्याच्या कडेला अजून हिरव्या काचा चमकत होत्या.

“थांबलास का मधेच? मरायचंय का? मरायचं असलं तर मला उतरवून मर. माझी पोरं बारकी आहेत अजून.”

“तू काही बोलला नाहीस,” मी म्हटलं.

“मी काय बोलायचं? गाडी तू चालवतोयस.”

“मागून काही येतंय की नाही, ते.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मग खाली दगडावर बसला. मी उभाच होतो. उभ्यानंच सांगितलं.

“ती मागं असायची. वळायचं असलं की मी हात काढायचो. मागून गाडी येत असली, तर ती माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवायची. हात होता तोवर मी थांबायचो. गाडी नसली, तर ती गप्प बसून असायची. गप्प असली की रस्ता मोकळा. बावीस वर्षं मी मागं बघितलेलंच नाही, दस्तगीर. हॉर्नकडंपण लक्ष दिलं नाही. हॉर्न सगळेच वाजवतात.”

दस्तगीर मान वर करून ऐकत होता.

“त्या दिवशी मी हात काढला. खांद्यावर काही आलं नाही. मागं सगळं गप्प होतं. म्हणून मी वळलो.”

रस्त्यावरून एक एसटी गेली. दस्तगीरनं जमिनीवरची एक काच उचलली, बघितली आणि परत ठेवली.

“आरसे तू काढलेस, तेव्हा मी तुला शिव्या दिल्या होत्या,” तो म्हणाला. “आठवतं?”

आठवत होतं. आमच्या घराचा बोळ अरुंद आहे. गाडी रात्री बोळातून आत घ्यावी लागते. आरसे दोन्ही भिंतींना अडायचे. एक दिवस वैतागून मी दोन्ही काढून दस्तगीरच्या फळीवर टाकले. त्यानं मला झापलं, तेव्हा शालन तिथंच होती.

“काय म्हणाली होती ती?” दस्तगीरनं विचारलं. त्याला माहीत होतं. तरी विचारलं.

“म्हणाली, ‘कशाला आरसे, भावजी? मी आहे की मागं.’”

तो उठला. पँट झटकली.

“चल. मी रोज मागं बसणार नाही. माझं गॅरेज आहे. आणि शालनवहिनीचं काम मला जमायचं नाही. किल्ली दे इकडं, जाताना मी चालवतो.”

त्याच दुपारी त्यानं फळीवरच्या डब्यातून माझे जुने आरसे काढले. बावीस वर्षांची धूळ होती त्यांच्यावर. रॉकेलच्या फडक्यानं पुसले आणि लावले. मग गाडी गॅरेजासमोर स्टँडवर उभी केली, रस्त्याकडं पाठ करून, आणि मला वर बसवलं.

“मागं वळायचं नाही. आरशात काय दिसतं ते मला सांगायचं. मोठ्यानं.”

“लोक हसतील.”

“हसू दे. बोल.”

मी बोलायला लागलो. “सायकल. एसटी. टेम्पो, लांब आहे. टेम्पो, जवळ आला. म्हैस.”

“म्हैस की रेडा?”

“आरशात कळत नाही.”

“कळायला पाहिजे. उद्या परत.”

तीन दिवस हा धंदा चालला. समोरचा चहावाला येऊन मला विचारायचा, “शेठ, आमचं उधारीवालं गिऱ्हाईक दिसलं तर तेवढं सांगा.” पण तीन दिवसांनी माझे डोळे आपोआप आरशाकडं जायला लागले. चौथ्या दिवशी एकटा पुलापर्यंत जाऊन आलो. पाचव्या दिवशी पुलापलीकडं. गाडी ढकलत आणावी लागली नाही.

सोमवारी उजाडल्यावर निघालो. नवी पेटी, हिरव्या बांगड्या दोऱ्यात ओवून कापडात गुंडाळलेल्या. रस्ता बराचसा मोकळा होता. फाटा दिसला तेव्हा वेग कमी केला. हात काढला. आरशात बघितलं.

आरशात मागचा रस्ता दिसत होता. मधे काही नव्हतं. शालन बसलेली असती, तर अर्धा आरसा तिच्या खांद्यानं आणि पदरानं भरला असता. आता थेट पुलापर्यंतचा रस्ता दिसत होता, आणि त्यावर एक ट्रक.

मी डाव्या कडेला थांबलो. ट्रक आला, गेला. धूळ बसेपर्यंत थांबलो. परत आरसा बघितला. मान वळवूनही बघितलं. मग खांद्यावरही लक्ष गेलं. खोटं कशाला बोलू, थोडा वेळ वाट बघितली. मग वळलो.

फडतऱ्यांच्या ओसरीवर बायका जमल्या होत्या. सारिकाचा हात मऊ होता, दोन-चारच्या मापाच्या बांगड्या सहज चढल्या. शालन नवरीशी बोलत बोलत भरायची, बोलण्याच्या नादात पोरीला दुखायचं नाही. मला ते बोलणं जमत नाही. मी गप्प राहून भरत होतो. पोरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“दुखतंय का गं?” मी विचारलं.

“नाही, मामा.”

बाजूला भिंतीला टेकून तिची आजी बसली होती. तिचे हात मोकळे. लग्नाच्या बांगड्या घरातल्या सगळ्या बायकांना भरतात, पण ती पुढं आली नव्हती. माझं काम संपल्यावर ती मला म्हणाली, “आमचं बरं असतं, कासारा. मालक गेला की हात बघून लोकास्नी कळतं. इचारत न्हाईत. तुम्हा बाप्यांचं कुणाला कळायचं?”

मी पेटी बंद केली. बाजीरावांनी टॉवेल-टोपी दिली. आजीनं एक खण पुढं केला. “हा शालनचा. सवाशीण गेली. घरात ठिव.”

परत निघालो तर वस्तीच्या कडेला एका म्हातारीनं हात केला. साठीची असेल. डोक्यावर बोचकं.

“कासारमामा, फाट्याच्या पल्याड माझं घर हाय. सोडता का?”

ती मागं बसली, बोचकं मांडीवर घेऊन. मागच्या सीटवर वजन आलं आणि गाडी रस्त्याला धरून चालायला लागली. फाट्यावर मोठ्या रस्त्याला लागायचं होतं. मी वेग कमी केला, तसा माझ्या उजव्या खांद्यावर हात पडला.

“थांबा. जीप येतीया.”

“बघितली, मावशी,” मी म्हटलं. आधीच बघितली होती मी. पाय टेकून थांबलो होतो. पण तिचा हात खांद्यावर होता तोवर मला पुढचं नीट दिसत नव्हतं.

जीप गेली. हात गेला. आम्ही रस्त्याला लागलो.

“तुमचं बरं हाय, आरसं हायत,” ती मागून म्हणाली. “आमच्या म्हाताऱ्याच्या लुनाला एक बी न्हाई. बाजारला जाताना सारखं मलाच बघाया लावतंय.”

“आरसा घ्यायला सांगा त्यांना.”

“कशाला?” ती म्हणाली. “मी हाय की मागं.”

तिचं घर रस्त्यालगतच होतं. दारात लुना उभी होती, आणि तिच्याशेजारी म्हातारा बिडी ओढत बसला होता. मावशी उतरली. मी गाडी स्टँडला लावली, टाकीवरच्या पिशवीतून पाना काढला आणि डावा आरसा सोडवायला लागलो.

“आवं, हे काय करताय?” म्हातारा उठून आला.

“हे तुमच्या गाडीला लावतो. दोन मिनिटं लागतील.”

“आमाला कशाला? आमची ही असती की मागं.”

“असू दे,” मी म्हटलं. “ती असली तरी लावा.”

त्याला काही कळलं नाही. मावशी माझ्याकडं बघत होती. कोपरापर्यंत बांगड्या होत्या तिच्या हातात, जुन्या, रंग गेलेल्या. तिनं आत जाऊन पाणी आणलं. मी लुनाला आरसा बसवला, म्हाताऱ्याला सीटवर बसवलं आणि विचारलं, “काय दिसतंय?”

तो वाकून बघत राहिला.

“ही दिसतीया,” तो म्हणाला. “आन् थोडा रस्ता.”

“तेवढा पुरे,” मी म्हटलं आणि निघालो.

उज्ज्वलाचा फोन आला तेव्हा सांगितलं, गाडी विकत नाही. पुढं अठरा वर्षं मी त्याच गाडीवर धंदा केला. उजवा आरसा तेवढा आहे. बोळातून आत घेताना आता एकच अडतो.